पुनर्मुद्रण, संग्राहक आणि संहिता : अमेरिकन ‘पल्प’ कथावाङ्मयाच्या निमित्ताने

कनिष्ठ समजल्या गेलेल्या वाङ्मयाचा संग्राहक हा विद्यापीठीय अभ्यासकाला गंभीर विषय वाटत आलेला नाही. जुन्या हेरकथांचे व भयकथांचे अंक जमविणारा, त्यांची पुनर्मुद्रणे निघाली की तीही विकत घेणारा आणि समानधर्मी मंडळींशी त्यांविषयी अहमहमिकेने वाद घालणारा वाचक हा एक तर भाबडा हौशी म्हणून दुर्लक्षिला जातो, किंवा अभिरुचीच्या समाजशास्त्राचा नमुना म्हणून तपासला जातो. दोन्ही दृष्टींत एक गृहीत समान आहे. ते असे की, हा वाचक ज्ञानाचा विषय होऊ शकेल, पण ज्ञानाचा निर्माता होऊ शकणार नाही. या गृहीताची परीक्षा करण्यास अमेरिकेतील ‘पल्प’ मासिकांचा इतिहास विशेष सोयीचा आहे. या मासिकांतील कथा ग्रंथरूपाने पुन्हा छापल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या संग्राहकांपुढे संहितेचा प्रश्न उभा राहिला आणि तो त्यांनी बऱ्याच अंशी स्वतःच सोडविला. तथापि ज्या प्रेमाने त्यांनी संहिता जपली, त्याच प्रेमाने ती काही ठिकाणी बिघडविलीही. जतन आणि विकृती यांतील भेद कोणत्या शिस्तीमुळे ठरला, हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य विषय आहे.

‘पल्प’ ही संज्ञा कागदावरून आलेली आहे. लाकडाच्या लगद्यापासून केलेला खरखरीत, स्वस्त कागद, सुमारे सात इंच रुंद व दहा इंच उंच आकार, भडक मुखपृष्ठ आणि आत केवळ कथा, असे या मासिकांचे स्वरूप होते. फ्रँक मन्सी याने १८९६ साली ‘आर्गसी’ हे मासिक या कागदावर छापून या परंपरेचा आरंभ केला. हेरकथांच्या क्षेत्रात १९२० साली निघालेल्या ‘ब्लॅक मास्क’ने आणि भयकथांच्या क्षेत्रात मार्च १९२३ मध्ये निघालेल्या ‘विअर्ड टेल्स’ने स्वतंत्र संप्रदाय निर्माण केले. पहिले १९५१ साली व दुसरे १९५४ साली बंद पडले. लेखकाला मोबदला शब्दांच्या संख्येवर मिळे, अंक महिनाभर विक्रीस राही आणि वाचून झाला की टाकून दिला जाई. ज्या रासायनिक प्रक्रियेने कागद स्वस्त झाला तिनेच त्याचे आयुष्यही आखडले. लगद्यातील लिग्निन आणि आम्ल यांच्यामुळे पाने पिवळी पडतात, पुढे ठिसूळ होतात आणि उलटतानाच त्यांचे तुकडे पडतात. म्हणजे हे वाङ्मय आपल्या भौतिक रूपानेच नश्वर होते.

त्यात ज्ञानसंस्थांच्या अनास्थेची भर पडली. प्रतिष्ठित समीक्षेची भूमिका काय होती हे एडमंड विल्सन यांच्या दोन लेखांवरून कळते. ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात १९४५ या एकाच वर्षी त्यांनी एकीकडे हेरकथांच्या वाचनाची निरर्थकता प्रतिपादिली आणि दुसरीकडे भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट याच्या लेखनाचा निःसंकोच धिक्कार केला. विल्सन हे सामान्य समीक्षक नव्हते आणि त्यांचे काही आक्षेप आजही खोडून काढता येत नाहीत. पण त्यांच्यासारख्यांच्या निर्णयाचा व्यावहारिक परिणाम असा झाला की, हे वाङ्मय जपण्याचे, मोजण्याचे आणि वर्गीकृत करण्याचे काम ज्यांना त्याचे वेड होते त्यांच्याच अंगावर पडले.

पुनर्मुद्रणाची प्रथा या मासिकांच्या पोटातच जन्मली होती. ‘विअर्ड टेल्स’मध्ये जुन्या कथा पुन्हा छापण्याचे एक सदर असे. वाचकांच्या पत्रांसाठीही एक सदर असे आणि त्यात कोणती कथा सरस, कोणती नीरस याची चर्चा चाले. परंतु मासिकातून ग्रंथात जाण्याची निर्णायक घटना १९३९ साली घडली. मार्च १९३७ मध्ये लव्हक्राफ्ट मृत्यू पावला तेव्हा त्याच्या कथांचा एकही प्रातिनिधिक संग्रह उपलब्ध नव्हता. ऑगस्ट डरलेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्राय या त्याच्या दोन तरुण पत्रमित्रांनी संग्रह सिद्ध केला. न्यू यॉर्कच्या प्रकाशकांनी तो नाकारल्यावर त्यांनी विस्कॉन्सिन राज्यातील सॉक सिटी या लहानशा गावी ‘आर्कम हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढली आणि ‘द आउटसायडर अँड अदर्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या १२६८ प्रती निघाल्या. किंमत पाच डॉलर होती आणि त्या खपण्यास काही वर्षे लागली. आज हा ग्रंथ स्वतःच संग्राहकांच्या दृष्टीने दुर्मिळ वस्तू झाला आहे.

या ग्रंथामुळे एक नवी परिस्थिती निर्माण झाली. मासिकाचा अंक हीच कथा असते तोवर संग्राहकाजवळ केवळ एक वस्तू असते. तीच कथा पुन्हा जुळवून छापली गेली की वस्तू आणि संहिता वेगळ्या होतात. वाचनासाठी नवे पुस्तक पुरते. मग कपाटातील ठिसूळ अंकाचे प्रयोजन काय? त्याचे प्रयोजन साक्षीदाराचे. नव्या छपाईत काय गळले, काय बदलले, हे फक्त तोच सांगू शकतो. दोन्ही प्रती शेजारी ठेवणारा पहिला वाचक, त्याला ही संज्ञा ठाऊक असो वा नसो, पाठचिकित्सेच्या उंबरठ्यावर उभा होता.

लव्हक्राफ्टची ‘अॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ ही दीर्घकथा याचे ठळक उदाहरण होय. तिचे लेखन १९३१ चे. ‘विअर्ड टेल्स’चे संपादक फार्न्सवर्थ राइट यांनी ती परत केली आणि अखेर १९३६ साली ती ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’ या मासिकात तीन अंकांतून आली. छापील रूप पाहून लेखक संतप्त झाला. लांब परिच्छेद तोडून लहान केले होते, विरामचिन्हे बदलली होती आणि शेवटाकडील काही मजकूर गाळला होता. लव्हक्राफ्टने आपल्याजवळच्या अंकांवर हाताने दुरुस्त्या केल्या, पण त्या सर्वच ठिकाणी झाल्या नाहीत. १९३९ च्या ग्रंथाने या अर्धवट दुरुस्त केलेल्या अंकांचा आधार घेतला आणि पुढील अनेक दशके तीच संहिता प्रमाण मानली गेली.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली परिच्छेदाची. या लेखकाच्या गद्यात भय एखाद्या शब्दातून उत्पन्न होत नाही. उपवाक्यांची साखळी लांबत जाते, प्रत्येक विधान मागील विधानाला थोडे अधिक अनिश्चित करते आणि परिच्छेद संपेपर्यंत वाचकाला थांबण्याची जागा मिळत नाही. असा परिच्छेद मध्येच तोडला की विसावा निर्माण होतो आणि रचनेचे प्रयोजनच नष्ट होते. दुसरी गोष्ट लेखनपद्धतीची. हा अमेरिकन लेखक बुद्धिपुरस्सर ब्रिटिश आणि काहीशी जुनाट वर्णलेखनपद्धती वापरी. अठराव्या शतकाविषयीचे त्याचे आकर्षण त्यातून व्यक्त होई. मासिकाच्या संपादकांनी ही रूपे प्रचलित केली तेव्हा त्यांच्या मते ती केवळ शुद्धलेखनाची बाब होती. वस्तुतः निवेदकाचा काळ, वर्ग आणि स्वभाव सूचित करणारी शैलीची एक खूण त्यांनी पुसली होती.

या संहितेच्या शुद्धीची सामग्री उपलब्ध राहिली तीही एका चाहत्यामुळे. रॉबर्ट बार्लो हा फ्लॉरिडातील मुलगा जेमतेम सोळा वर्षांचा असताना, १९३४ साली, लव्हक्राफ्ट त्याच्या घरी पाहुणा म्हणून राहिला होता. बार्लो त्याची हस्तलिखिते जमवी आणि त्याच्यासाठी कथा टंकलिखित करी. लेखकाच्या मृत्यूनंतर त्याच्या सूचनेनुसार वाङ्मयीन व्यवस्थापक म्हणून या अठरा वर्षांच्या तरुणाने कागदपत्रे प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन विद्यापीठाच्या जॉन हे ग्रंथालयात जमा केली. पुढे बार्लो मेक्सिकोत गेला आणि नाहुआत्ल भाषेचा व प्राचीन मेक्सिकोच्या इतिहासाचा मान्यवर अभ्यासक झाला. १९५१ साली त्याचा अकाली अंत झाला. दुर्मिळ कागद जपण्याची सवय आणि विद्याव्यासंग यांत परंपरेने मानलेले अंतर किती तकलादू आहे, हे या एका चरित्रावरून दिसते.

जमा झालेल्या सामग्रीचा पद्धतशीर उपयोग करण्याचे श्रेय सुनंद त्र्यंबक जोशी यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म १९५८ साली पुण्यात झाला. बालपणीच ते अमेरिकेत गेले आणि विद्यार्थी म्हणून ब्राउन विद्यापीठात आले. हस्तलिखिते, टंकलिखिते, मासिकांचे अंक आणि ग्रंथ यांचे मीलन करून त्यांनी सिद्ध केलेली संहिता आर्कम हाउसने १९८४ ते १९८६ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केली. २०१५ व २०१७ मध्ये सर्व पाठभेद नोंदविणारी चार खंडांची आवृत्तीही निघाली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या शहरात सिद्ध झाली, त्याच शहरात या संपादकाचा जन्म व्हावा, हा निव्वळ योगायोग होय. त्यांत कार्यकारणभाव शोधण्याचे कारण नाही. तुलना मात्र उद्बोधक आहे. महाभारताच्या संपादकांपुढे शेकडो हस्तलिखिते होती आणि मूळ प्रत सापडण्याची आशा नव्हती. येथे साक्षीदार तीन-चारच, पण त्यांपैकी एक अनेकदा लेखकाच्या हातचा. मुद्रणकलेने पाठभेद संपुष्टात आणले, ही समजूत मात्र या उदाहरणाने निकालात निघते. मुद्रण एकाच चुकीच्या सहस्रावधी प्रती काढते आणि त्या एकरूपतेमुळेच चूक प्रमाण भासू लागते.

शुद्ध केलेली संहितादेखील अंतिम नसते, याचेही उदाहरण याच लेखकाच्या बाबतीत मिळाले. ‘द शॅडो आउट ऑफ टाइम’ ही कथा बार्लोने हस्तलिखितावरून टंकलिखित केली होती आणि ‘अस्टाउंडिंग’मध्ये ती जून १९३६ मध्ये आली. नंतर हस्तलिखिताचा ठावठिकाणा लागेना. त्यामुळे १९८४ च्या आवृत्तीला प्रामुख्याने मासिकातील पाठावरच विसंबावे लागले. १९९० नंतरच्या दशकात ते हस्तलिखित हवाई बेटांत प्रकट झाले. बार्लोच्या मेक्सिकोतील एका विद्यार्थिनीने ते जपून ठेवले होते. मासिकाने याही कथेचे परिच्छेद बदलले होते, हे त्यावरून सिद्ध झाले आणि २००१ साली जोशी व डेव्हिड शुल्ट्झ यांनी नवी संहिता प्रसिद्ध केली.

हेरकथांच्या क्षेत्रात प्रश्नाचे स्वरूप निराळे होते. रेमंड चँडलरने ‘ब्लॅक मास्क’ व तत्सम मासिकांतील आपल्या जुन्या कथा मोडून त्यांच्या साहित्यातून कादंबऱ्या रचल्या. १९३९ ची ‘द बिग स्लीप’ ही मुख्यतः अशा दोन कथांच्या जोडकामातून उभी राहिली. वापरून झालेल्या कथा पुन्हा छापल्या जाऊ नयेत, अशी त्याची इच्छा होती. १९५९ साली त्याचा मृत्यू झाला आणि १९६४ साली त्यांतील आठ कथा ‘किलर इन द रेन’ या नावाने ग्रंथरूपात आल्या. लेखकाच्या इच्छेचा हा भंग होय, यात संशय नाही. पण त्यामुळेच मासिकातील आटोपशीर वर्णन कादंबरीत कसे विस्तारते आणि घटनेचा वेग कमी करून लेखक निवेदकाच्या नजरेला कसा अवकाश देतो, हे कोणालाही पडताळून पाहता येऊ लागले. डॅशिएल हॅमेटच्या लघुकथांचे भाग्य याच्या उलट होते. ‘एलरी क्वीन’ या जोडनावाने लिहिणाऱ्या दोघांपैकी फ्रेडरिक डॅने हे स्वतः मोठे संग्राहक होते. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी जुन्या अंकांतून या कथा काढून स्वस्त पुस्तकांत आणल्या आणि विस्मृतीतून वाचविल्या. परंतु छापताना काही कथांची शीर्षके बदलली गेली आणि मजकुरालाही कात्री लागली. मूळ अंक जपणारे वाचक नसते, तर ही कात्री कोणाच्या लक्षात आली असती?

तिसरा प्रश्न कर्तृत्वाचा. ‘डॉक सॅव्हेज’ या साहसकथामालेचे १९३३ ते १९४९ या काळात १८१ अंक निघाले आणि बहुतेक सर्वांवर ‘केनेथ रोबसन’ हे नाव होते. ते प्रकाशनसंस्थेच्या मालकीचे नाव होते. बहुतांश लेखन लेस्टर डेंट याचे असले, तरी अन्य काही लेखकांचा हात त्यात होता. बँटम प्रकाशनाने १९६४ पासून ही माला पुन्हा छापण्यास आरंभ केला, तो मूळ क्रम सोडून. १९९० पर्यंत ते काम चालले. वाचकांनी प्रथम मूळ क्रमाच्या याद्या केल्या आणि नंतर कोणती कथा कोणाची, या प्रश्नाकडे ते वळले. आरंभीचे निर्णय शैलीच्या जाणिवेवर होते : अमुक क्रियापदे, अमुक प्रकारचा विनोद, अमुक तऱ्हेचा आरंभ. पुढे विल मरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी डेंटच्या कागदपत्रांचा आधार घेऊन हे निर्णय पारखले. डेंटने १९४८ मध्ये लिहिलेली, पण त्या काळी अप्रकाशित राहिलेली ‘द रेड स्पायडर’ ही कथाही त्यातून उजेडात आली आणि १९७९ साली छापली गेली. शैलीवरून कर्ता ठरविण्याची पद्धत कोठवर नेता येते आणि कोठे दस्तऐवजापुढे तिने नमते घ्यावे, याचा हा एक उत्तम पाठ आहे.

या सर्व कार्याचे माध्यम कोणते होते हेही पाहिले पाहिजे. हौशी मुद्रकमंडळ ही अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकापासूनची संस्था. स्वतः लव्हक्राफ्ट १९१४ पासून अशा एका मंडळाचा सदस्य होता. प्रत्येक सदस्य आपले छोटे पत्रक ठराविक प्रतींत छापून एका व्यवस्थापकाकडे धाडतो. व्यवस्थापक सर्वांच्या पत्रकांचे गठ्ठे बांधून प्रत्येकाला पाठवितो आणि पुढील पत्रकात प्रत्येकाने मागील गठ्ठ्यावर अभिप्राय द्यावा, अशी अपेक्षा असते. १९७३ साली लव्हक्राफ्टच्या वाचकांचे असे एक मंडळ स्थापन झाले. १९७२ पासून सेंट लुइस येथे आरंभ झालेल्या ‘पल्पकॉन’ या वार्षिक मेळाव्याने अंकांची देवघेव आणि चर्चा यांना एकत्र आणले. या व्यवस्थेचा गुण असा की, केलेले विधान अनुत्तरित राहत नाही. ज्याच्याजवळ मूळ अंक आहे तो पुढील खेपेला ते खोडून काढू शकतो.

ही व्यवस्था आवश्यक का होती, हे डरलेथच्या उदाहरणावरून कळते. लव्हक्राफ्टचे नाव जगविण्यासाठी त्याने जे केले ते अन्य कोणीही केले नसते. पण लेखकाच्या टिपणांवरून व त्रोटक तुकड्यांवरून स्वतः कथा लिहून त्या त्याने संयुक्त नावाने प्रसिद्ध केल्या. १९४५ च्या ‘द लर्कर अॅट द थ्रेशोल्ड’मध्ये सुमारे पन्नास हजार शब्दांपैकी लव्हक्राफ्टचे शब्द बाराशेच्या आसपास आहेत. प्राचीन संहितांच्या अभ्यासात याला प्रक्षेप म्हणतात. याहून गंभीर बाब अर्थनिर्णयाची. मानवाविषयी सर्वथा उदासीन असलेल्या विश्वाची लव्हक्राफ्टची कल्पना बाजूस सारून डरलेथने त्याच्या कथासृष्टीत सुष्ट व दुष्ट शक्तींचा संग्राम पाहिला आणि त्याला लव्हक्राफ्टच्या पत्रातील म्हणून एका अवतरणाचा आधार दिला. ते अवतरण दशकानुदशके उद्धृत होत राहिले. लव्हक्राफ्टच्या उपलब्ध पत्रांत मात्र ते कोणाला सापडेना. अखेर १९८० नंतरच्या दशकात शुल्ट्झ यांनी त्याचा माग काढला. हॅरॉल्ड फार्नीझ या संगीतकाराने आपल्याला आलेल्या पत्रातील म्हणून, स्मृतीच्या भरवशावर, ती वाक्ये डरलेथला कळविली होती. हा शोध चाहत्यांच्याच एका छोट्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खोटे अवतरण प्रेमाने रुजविले आणि त्याच समुदायातील अविश्वासाने उपटले.

हे प्रेम संग्राहकाच्या नैतिक दृष्टीलाही आंधळे करू शकते. लव्हक्राफ्टचा वंशद्वेष त्याच्या कथांत दिसतो आणि पत्रांत तर उघडच आहे. ही पत्रे १९६५ ते १९७६ या काळात आर्कम हाउसनेच पाच खंडांत निवडून छापली. म्हणजे आरोपाचा भक्कम पुरावा भक्तांनीच जगापुढे ठेवला. १९७५ पासून ‘वर्ल्ड फँटसी’ पुरस्काराचे स्मृतिचिन्ह या लेखकाच्या मुखाकृतीचे होते. २०११ मध्ये तो पुरस्कार मिळविणाऱ्या नेडी ओकोराफोर यांनी त्याविषयीची आपली अस्वस्थता प्रकट केली आणि २०१५ मध्ये ते चिन्ह बदलण्याचा निर्णय झाला. निषेधार्थ जोशी यांनी स्वतःला मिळालेले पुरस्कार परत केले. संहितेच्या बाबतीत अत्यंत साक्षेपी असणारा संपादक गौरवाच्या प्रश्नावर एका पक्षाचा होतो, यात आश्चर्य नाही. पाठ ठरविणे आणि मूल्य ठरविणे ही दोन वेगळी कार्ये आहेत. पहिल्यातील अधिकार दुसऱ्यात आपोआप लागू होत नाही, एवढाच निष्कर्ष येथे काढणे उचित होईल.

उरतो एक आक्षेप. घाईने, पैशासाठी लिहिलेल्या कथांना एवढी चिकित्सा शोभते काय? या आक्षेपात मूल्यनिर्णय आधी आणि वाचन नंतर, असा व्युत्क्रम आहे. एखादी शैली अवजड आहे असे म्हणण्यापूर्वी ती शैली लेखकाची आहे की मासिकाच्या संपादकाची, हे ठाऊक असले पाहिजे. शुद्ध संहिता हाती असती तर विल्सन यांचे मत बदलले असते, असा दावा कोणी करू नये. कदाचित ते अधिकच कठोर झाले असते. पण तेव्हा ते लेखकाविषयीचे मत ठरले असते.

मराठीच्या अभ्यासकांना या चर्चेचे अगत्य वाटण्यास सबळ कारण आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या सहस्राहून अधिक रहस्यकथा आणि नारायण धारपांच्या भयकथा यांचे वाचक आजही आहेत आणि धारपांची पुस्तके नव्याने छापली जात आहेत. कोणत्याही पुनर्मुद्रणाला विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. ते मूळच्या कोणत्या आवृत्तीवरून केले? शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली बदलले, त्यानुसार रूपे बदलली काय? प्रकरणे, शीर्षके, परिच्छेद पूर्ववत आहेत काय? या प्रश्नांची उत्तरे ज्या जुन्या प्रतींत आहेत, त्या बहुधा खाजगी कपाटांत आणि रद्दीच्या दुकानांत आहेत, आणि स्वस्त कागदाला आयुष्य थोडे असते. त्या प्रती कोणाजवळ आहेत याची नोंद करणे, त्यांची छायाचित्रे घेणे आणि ज्या वाचकांनी त्या जपल्या त्यांचे म्हणणे आस्थेने, परंतु पुराव्याची मागणी न सोडता, ऐकणे हे पदव्युत्तर विभागाच्या आवाक्यातील काम आहे. ते वेळीच झाले नाही, तर पुढील समीक्षकांना पुनर्मुद्रणाच्या संपादकाचे गद्य मूळ लेखकाचे समजून त्यावर अभिप्राय द्यावा लागेल.